मावणे आणि मांडणे

‘मावत नाहीये.’ अल्ट्रा वाइड भिंगांची निम्मी विक्री या दोन शब्दांवर होत असावी. लग्नाच्या स्टेजवर पस्तीस माणसं उभी असतात, फोटो काढणारा मागे सरकत सरकत जेवणाच्या टेबलाला टेकलेला असतो, आणि तरी उजवीकडचे काका अर्धेच येतात. वेरूळला कैलास लेण्याच्या प्रांगणात पाठ कातळाला लागते, पण शिखर कापलंच जातं. वाड्याच्या चौकात उभं राहिलं की चारही सोपे एका नजरेत दिसल्यासारखे वाटतात. कॅमेऱ्यात जेमतेम दीड सोपा येतो. मग कोणीतरी सांगतं, वाइड घे. आपण १६ मिलिमीटरचं भिंग घेतो, किंवा फोनवर ०.५ ला बोट लावतो, आणि सगळं मावतं.

निराशा घरी आल्यावर होते. शिखर काडेपेटीएवढं झालेलं असतं. खाली नुसती फरशी, वर नुसतं पांढरं आभाळ, आणि मधल्या एका पट्टीत आपण ज्याच्यासाठी एवढ्या लांब गेलो ते सगळं दाटीवाटीने बसलेलं. माझं पहिलं अल्ट्रा वाइड भिंग घेऊन मी वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर एक अख्खी सकाळ घालवली होती. फिल्मचे दिवस होते. छत्तीस फोटोंतला एकही कोणाला दाखवण्याजोगा निघाला नाही. काय चुकलं ते कळायला मला बरीच वर्षं लागली. त्यातली काही तुमची वाचावीत एवढाच या प्रस्तावनेचा हेतू आहे.

चूक क्रियापदात होती. मावणं ही भांड्याची भाषा आहे: डब्यात लाडू मावतात, पेटीत कपडे मावतात. पूजा मात्र मांडतात, डाव मांडतात, संसार मांडतात. तिथे काय कुठे ठेवलं, कशाच्या जवळ आणि कशापासून लांब, याला महत्त्व असतं. अल्ट्रा वाइड भिंग विकलं जातं मावण्यासाठी आणि त्याचा खरा उपयोग आहे मांडण्यासाठी. या भिंगाने जास्त दिसतं हे खरंच. पण त्याहून मोठी गोष्ट ही की, या भिंगाने एखाद्या वस्तूच्या अगदी अंगाशी जाता येतं आणि तरीही तिच्याभोवतीचं जग सुटत नाही. मी मेणवलीला सगळी सकाळ मागे सरकत होते. पुढे जायला हवं होतं.

आता थोडं मोजमाप. ३५ मिलिमीटर फिल्मची, आणि आजच्या फुल फ्रेम सेन्सरची, चौकट ३६ बाय २४ मिलिमीटर असते. तिचा कर्ण साधारण ४३ मिलिमीटर. त्याच्या आसपास नाभीय अंतर असलेलं भिंग ‘नॉर्मल’ समजतात; ५० मिलिमीटरच्या भिंगाचा आवाका कर्णावर मोजला तर सुमारे ४७ अंश भरतो. २४ ला तो ८४ अंश होतो, २० ला ९४, १६ ला १०७ आणि १४ ला ११४. अल्ट्रा वाइड कुठून सुरू होतं यावर एकमत नाही. कोणी २४ च्या खाली म्हणतं, कोणी २१ पासून. मी स्वतः काटकोन ही सीमा मानते. आवाका नव्वद अंशांच्या पलीकडे गेला की भिंगाचा स्वभाव बदलतो, आणि तो बदल वापरणाऱ्याच्या हाताला कळतो. फोनमधली अल्ट्रा वाइड भिंगं बहुधा या सीमेच्या पलीकडची असतात. २०१९ च्या आयफोन ११ मधलं असं भिंग १३ मिलिमीटरच्या बरोबरीचं, १२० अंशांचं होतं. म्हणजे एके काळी फक्त वास्तूंचे आणि जाहिरातींचे छायाचित्रकार जे यंत्र बाळगत, ते आता भाजी आणायला जाताना खिशात असतं. शिकवणी मात्र त्यासोबत आलेली नाही.

पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा धडा भिंगाविषयी नाहीच. चित्रातला पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे जवळचं मोठं आणि लांबचं लहान दिसण्याचं प्रमाण, भिंगावर अवलंबून नसतो. तो तुम्ही कुठे उभे आहात यावर अवलंबून असतो. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसलेल्यांना रेल्वेचे रूळ आणि लहान लहान होत जाणारे तारेचे खांब आठवत असतील. ते खांब किती झपाट्याने लहान होतात हे डोळ्याची जागा ठरवते, पेन्सिल नाही. भिंग फक्त त्या दृश्याचा किती भाग कापून घ्यायचा ते ठरवतं. मग ‘वाइडचा पर्स्पेक्टिव्ह’ असं आपण का म्हणतो? कारण वाइड भिंग असलं की आपण जवळ जातो, आणि जवळ गेलं की प्रमाणं बदलतात.

किती बदलतात ते पाहा. वाड्याच्या माजघरात एक जातं आहे, भिंगापासून अर्ध्या मीटरवर. मागे पाच मीटरवर लाकडी खांब. दोन्ही ठिकाणी सारख्या आकाराची वस्तू ठेवली तर पुढची मागचीपेक्षा दहापट मोठी दिसेल. आता अर्धा मीटर मागे या, म्हणजे लहानसं एक पाऊल. जातं एक मीटरवर, खांब साडेपाचवर. दहापटीचं प्रमाण साडेपाचपटीवर आलं. पुढची वस्तू वीस मीटरवर असताना हाच अर्धा मीटर मागेपुढे झालात तर कोणाला कळणारही नाही. टेलिफोटोवाला खुर्ची टाकून बसू शकतो. अल्ट्रा वाइड वापरणाऱ्याला एकेका वितीचा हिशेब ठेवावा लागतो. वर्गात मी पहिले काही दिवस मुलांना झूम वापरू देत नाही. भिंगाच्या कड्यावर हात गेला की पाय थांबतात, आणि या विषयातला सगळा अभ्यास पायांचा आहे. गुडघ्यांचाही. उभ्या माणसाच्या डोळ्यांची उंची ही माजघरातल्या जात्यासाठी फार वाईट जागा असते. गुडघ्याएवढ्या उंचीवर कॅमेरा आणला की जात्याची खालची तळी, तिच्यावर सांडलेल्या पिठाची कड, फरशीची पळत जाणारी सांध आणि मागचा खांब हे सगळं एकाच कहाणीत येतं.

स्पष्टतेची चिंता इथे फारशी करावी लागत नाही. १६ मिलिमीटरचं भिंग, अ‍ॅपर्चर एफ ८, फोकस एक मीटरच्या थोडं पुढे: अर्ध्या मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं कामापुरतं रेखीव येतं. तंत्र सोपं आहे म्हणूनच रचना अवघड होते. पोर्ट्रेट भिंग नको असलेली पार्श्वभूमी विरघळवून टाकतं, अर्धं काम तेच करतं. इथे विजेची तार, गुटख्याचं पाकीट, पाण्याची रिकामी बाटली, लांब उभ्या असलेल्या माणसाच्या शर्टावरचं लाल अक्षर, सगळं हजर. घर झाडताना कचरा कोपऱ्यांत सापडतो, तसंच या चौकटीचं आहे. बटण दाबण्याआधी चारही कोपरे नजरेने झाडून घ्यायची सवय लावा. मला ती लागायला दोन वर्षं लागली, आणि अजूनही घाईत एखादा कोपरा राहतो.

या भिंगांचा इतिहास एका अर्थाने काठाशी झालेल्या भांडणाचा इतिहास आहे. मधोमध चांगलं दिसणारं भिंग बनवणं एकोणिसाव्या शतकातच जमलं होतं. अडचण कडांची होती. बर्लिनच्या गोर्त्स कंपनीने १९०० मध्ये एमिल फॉन ह्यॉखच्या आराखड्यावरून हायपरगॉन नावाचं भिंग काढलं. पातळ, वाटीसारखी वळलेली दोनच भिंगं, समोरासमोर ठेवली की जवळजवळ गोल फुगा व्हावा अशी. आवाका सुमारे १३५ अंश. पण तिरप्या येणाऱ्या प्रकाशाचा एक नियम आहे: मध्यापासून कोन वाढत गेला की कोज्याच्या चौथ्या घाताने उजेड घटतो. १३५ अंशांच्या काठावर तो मध्याच्या पन्नासाव्या हिश्श्याच्या आसपास उरतो. यावर त्या लोकांनी काढलेला उपाय मला आजही आवडतो. भिंगाच्या पुढे चांदणीच्या आकाराची एक छोटी चकती बसवली, आणि रबरी फुग्याने हवा मारून ती गरगर फिरवायची. एक्स्पोजरच्या बहुतेक वेळात ती मधला उजेड अडवायची. मग तिला बाजूला करून उरलेलं एक्स्पोजर पूर्ण करायचं. आज आपण ‘व्हिनेट करेक्शन’च्या चौकोनात टिक करतो त्या कामासाठी शंभर वर्षांपूर्वी भिंगापुढे भिंगरी फिरत होती.

पुढची अडचण आरशाने आणली. समतोल रचनेचं १६ मिलिमीटरचं भिंग फिल्मपासून साधारण तेवढ्याच अंतरावर बसायला हवं, आणि एसएलआर कॅमेऱ्यात तिथे आरसा हलत असतो. १९५९ चा निकॉन एफ आला तेव्हा त्यासाठीचं २१ मिलिमीटरचं भिंग इतकं आत जायचं की आरसा वर करून कुलूपबंद ठेवावा लागे आणि चौकट वेगळ्या व्ह्यूफाइंडरमधून बघावी लागे. फ्रान्समध्ये पिएर आंजेन्यूने १९५० मध्येच उलट्या टेलिफोटोसारखी रेट्रोफोकस रचना बाजारात आणली होती. तिने भिंग मागे सरकलं, आरशाला जागा मिळाली, आणि पुढचं काचेचं बुबुळ परातीसारखं मोठं होत गेलं. दुसऱ्या वाटेने लुडविग बेर्टेलेंचं बिओगॉन गेलं. १९५४ चं २१ मिलिमीटरचं बिओगॉन आणि त्याच वर्षीचा हॅसलब्लाडचा सुपरवाइड यांनी सरळ रेषा इतक्या सरळ ठेवल्या की वास्तुविशारद त्यांच्या प्रेमात पडले. आता मिररलेसमध्ये आरसाच गेला, आणि उरलीसुरली वक्रता सॉफ्टवेअर सरळ करतं. इतिहासाचा हा भाग एवढ्यावरच सोडते. ज्यांना काचेची आवड आहे ते त्यात वर्षभर रमतील.

सरळ रेषांची किंमत मात्र नीट समजून घ्यायला हवी, कारण तिच्यापायी घरात भांडणं होतात. आमच्याकडे एका मुंजीला मी हौसेने १७ मिलिमीटरने सगळ्यांचा फोटो काढला. मावशी डावीकडच्या टोकाला उभी होती. प्रिंट पाहून ती म्हणाली, ‘‘मधल्या सगळ्या सुना बारीक, आणि मला तेवढी पिंपासारखी केलीस होय गं?’’ मावशीचं बरोबर होतं, आणि भिंगाचंही. सपाट चौकटीवर सरळ रेष सरळ ठेवायची तर काठाकडचे आकार बाहेरच्या बाजूला ताणावेच लागतात. १६ मिलिमीटरच्या चौकटीत अगदी कोपऱ्यात चेंडू ठेवला तर तो रुंदीपेक्षा जवळजवळ १.७ पट लांब दिसतो. हा भिंगाचा दोष नव्हे. गोल जग सपाट कागदावर आणण्याची ती भूमिती आहे. फिशआय भिंग उलटा सौदा करतं: चेंडू बराचसा गोल राहतो, पण खांब धनुष्यासारखा वाकतो. दोन्ही एकदम मिळत नाही.

चित्रकारांना हे फार आधी ठाऊक होतं. लिओनार्दोने काठाकडच्या या विकृतीवर टिपणं लिहून ठेवली आहेत. रफाएलने व्हॅटिकनमधलं ‘स्कूल ऑफ अथेन्स’ हे भित्तिचित्र १५०९ ते १५११ च्या दरम्यान रंगवलं. त्यातली कमानींची इमारत काटेकोर पर्स्पेक्टिव्हमध्ये आहे. पण उजवीकडच्या टोकाला दोन विद्वानांच्या हातात जे गोल आहेत ते त्याने सरळ वर्तुळ म्हणून काढले. इमारतीचा नियम त्यांना लावला असता तर ते अंडाकृती झाले असते. माणसांनाही त्याने तो नियम लावला नाही. म्हणजे एकाच भिंतीवर त्याने दोन नियम वापरले, इमारतीला एक आणि माणसांना दुसरा, आणि पाच शतकं कोणाला ते खटकलं नाही. आणखी गंमत अशी की २०१९ मध्ये गूगलच्या संशोधकांनी फोनसाठी एक पद्धत मांडली: वाइड फोटोतले चेहरे ओळखायचे, तेवढ्या भागात ताण काढून टाकायचा आणि मागच्या भिंती, खिडक्या सरळच ठेवायच्या. रफाएलने डोळ्याने केलेलं काम आता खिशातलं एक उपकरण निमिषात करतं. ज्यांच्या कॅमेऱ्यात ही सोय नाही त्यांच्यासाठी मावशीचा नियम आहे: टोकांना माणसं उभी करू नका, करावीच लागली तर कुटुंबातली सगळ्यात सडपातळ करा.

या ताणाची दुसरी बाजू बघणाऱ्याकडे असते. ब्रुनेलेस्कीने पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्लॉरेन्समध्ये बाप्तिस्मागृहाचं चित्र काढलं आणि त्याच्या फळीला एक भोक पाडलं. मागून त्या भोकाला डोळा लावायचा आणि समोर धरलेल्या आरशात चित्र पाहायचं, म्हणजे डोळा नेमका हव्या त्या जागी येतो. प्रत्येक छायाचित्रालाही असं एक अदृश्य भोक असतं. १६ मिलिमीटरने काढलेला फोटो १८ बाय १२ इंचांचा छापला तर तो जवळजवळ तेरापट मोठा होतो. तो ‘बरोबर’ दिसायचा तर डोळा कागदापासून सुमारे २० सेंटिमीटरवर हवा. इतक्या जवळून कोण पाहतं? आपण हातभर अंतरावरून बघतो, म्हणून कडा ताणलेल्या आणि खोली अवाच्या सवा लांब वाटते. तोच फोटो भिंतभर छापून त्याच्यापुढे उभं राहिलं तर ताण जवळपास नाहीसा होतो. प्रदर्शनासाठी आणि फोनच्या पडद्यासाठी एकच चौकट निवडू नये, असं मला वाटतं ते यामुळेच. पडद्यावर चालणाऱ्या अतिवाइड चित्राला बहुधा मध्यभागी एक ठसठशीत वस्तू लागते. भिंतीवरच्या चित्राला ती लागेलच असं नाही, नजरेला तिथे चालायला जागा असते.

कॅमेरा वर-खाली कलला की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे: दीपमाळ मागे रेलते, गोपुर पडायला आलेलं वाटतं. रेषा समांतर हव्या असतील तर कॅमेऱ्याची पाठ इमारतीच्या भिंतीला समांतर हवी. गवंडी ज्याला ओळंबा आणि पाणसळ म्हणतो ती दोन्ही साधायला हवीत. साध्या भिंगावर दोन अंशांचा कल खपून जातो, इथे तो ओरडतो. पण ओळंब्यात राहायचं म्हणजे क्षितिज चौकटीच्या बरोबर मध्यावर येतं, आणि खालचा अर्धा भाग जमिनीने भरतो. ती जमीन रिकामी ठेवायची की तिच्यात काही मांडायचं, हा या प्रकारातला रोजचा प्रश्न आहे. कैलासच्या प्रांगणात मी विद्यार्थ्यांना दोन टोकं करून बघायला सांगते. एकदा कॅमेरा अगदी ओळंब्यात ठेवून, पुढे दगडी हत्तीचा घासलेला पाय घेऊन. आणि एकदा निर्लज्जपणे वर कलवून, बाजूचे कातळकडे आत झुकतील आणि मंदिर विहिरीच्या तळाशी उभं असल्यासारखं वाटेल असं. कातळ वरून खाली खोदत आणलेल्या त्या वास्तूला दुसरं चित्र कधी कधी जास्त न्याय देतं. वाईट असतं ते मधलं, चार-पाच अंश कललेलं. ते ठरवून केलेलं वाटत नाही, विसरून झालेलं वाटतं.

कल ठरवून करणाऱ्यांत ग्रेग टोलंड आहे. ‘सिटिझन केन’ हा १९४१ चा चित्रपट त्याने त्या काळी फार वाइड समजल्या जाणाऱ्या २४ मिलिमीटरच्या भिंगाने बराचसा चित्रित केला. कॅमेरा जमिनीलगत नेला की छत दिसू लागतं, आणि हॉलिवूडच्या सेटना छतच नसायचं, तिथे दिवे टांगलेले असायचे. मग मलमलीची छतं ताणली गेली आणि माइक त्यांच्या वर लपवले गेले. एका भिंगाने सुतारांचं काम वाढवलं. लंडनमध्ये बिल ब्रँटला तो चित्रपट भावला होता. महायुद्ध संपता संपता त्याने एक जुना लाकडी कोडॅक मिळवला, पोलिसांना पंचनाम्यासाठी खोली कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत टिपता यावी अशा भिंगाचा. त्या कॅमेऱ्याने तो रिकाम्या खोल्यांत नग्नचित्रं काढू लागला. हे काम ‘पर्स्पेक्टिव्ह ऑफ न्यूड्स’ या नावाने १९६१ मध्ये पुस्तकरूपात आलं. त्यात पाय खोलीएवढे आहेत आणि खिडकी टपाल तिकिटाएवढी. पंचनाम्याचं यंत्र स्वप्नासाठी वापरलं गेलं, आणि ते शक्य झालं कारण ब्रँटने त्याच्या ताणाशी भांडण केलं नाही. तो स्वतःच्या सवयीपेक्षा त्या कॅमेऱ्यामागे गेला.

मुंबईत या ताणाचा व्यवहार वेगळाच चालतो. आपल्या भाषेत ‘जागा’ म्हणजे मोकळा अवकाश, आणि ‘जागा घेतली’ म्हणजे फ्लॅट घेतला. या दोन अर्थांमधलं अंतर भरून काढण्याचं काम अल्ट्रा वाइड भिंग इमानेइतबारे करत आलं आहे. जाहिरातीत बाल्कनीत फुटबॉल खेळता येईल असं वाटतं. प्रत्यक्षात तिथे कपडे वाळत घालायचा स्टँड आडवा ठेवावा लागतो. फोटो खोटा नसतो. भिंग दाराच्या कोपऱ्यात नेऊन ठेवलेलं असतं, पलीकडची भिंत लांब जाते, आणि बघणारा आपल्या डोळ्यांच्या सवयीने ती मोजतो. ओळखायची खूण सांगते: काठाजवळची उशी किंवा कुंडी बघा. ती लांबट असेल तर खोलीही लांबवलेली आहे.

जवळ जाण्याची सक्ती हा या भिंगाचा गुण, आणि तोच अडचणीतही टाकतो. कास पठारावर ऑगस्टअखेरपासून फुलं येतात तेव्हा हे दिसतं. गेंद, सीतेची आसवं, ही फुलं घोट्याच्याही खाली. अल्ट्रा वाइडने पुढे फूल आणि मागे ढगांसकट सगळं पठार हवं तर भिंग फुलापासून वीतभर अंतरावर न्यावं लागतं, आणि त्यासाठी पोटावर झोपावं लागतं. पोटाखाली काय येतं? एका फुलाच्या फोटोसाठी चाळीस रोपं चिरडून उठलेले लोक मी पाहिले आहेत. त्यातली एक मीही होते, हे सांगितल्याशिवाय पुढचं सांगण्याचा मला अधिकार नाही. पायवाटेच्या काठावरून, हात लांब करून, उलगडणाऱ्या पडद्यावर बघत काढता येईल तेवढंच काढावं. न आल्यास तो फोटो आपला नव्हता.

वारीतही तसंच. १६ मिलिमीटरने दिंडीचा दाटपणा दाखवायचा तर टाळ तुमच्या नाकापासून हातभर अंतरावर वाजत असायला हवेत. लांबून चोरून काढायची सोय इथे नाही. माणूस तुम्हाला बघतो, तुम्ही त्याला बघता. मला हे या भिंगाचं चांगलं वाटतं. मान हलवून परवानगी मागावी लागते, दोन पावलं त्यांच्या तालात टाकावी लागतात, आणि मग फोटो येतो तो त्यांच्यातून काढलेला वाटतो. पण ज्या माणसाने हो म्हटलं त्याचा चेहरा चौकटीच्या मधल्या भागातच ठेवा. काठावर नेऊन त्याचं कपाळ ताणणं हा त्याच्या होकाराचा अपमान आहे.

काही किरकोळ गोष्टी, घाईत: पोलरायझर फिल्टर या भिंगावर जपून वापरा. आभाळातलं ध्रुवीकरण सूर्यापासून काटकोनात सर्वाधिक असतं, आणि तुमची चौकट आडवीच जवळजवळ काटकोनाची. परिणामी आभाळात एक गडद निळा डाग पडतो आणि तो नंतर निघत नाही. सूर्य बहुतेक वेळा चौकटीत असतोच, तेव्हा त्याला खांबाआड किंवा फांदीआड अर्धा लपवा. अजिंठ्यात फ्लॅशला मनाई आहे आणि संरक्षित वास्तूंमध्ये त्रिपॉडला वेगळी परवानगी लागते; कॅमेरा छातीशी घट्ट धरून श्वास सोडताना बटण दाबलं तर या भिंगावर सेकंदाच्या पंधराव्या भागालाही निभावतं. आणि कंटाळा आला तर ते भिंग काढून ठेवा. दिवसभर अल्ट्रा वाइडने बघणाऱ्याला संध्याकाळी सगळं जग पुढे फुगलेलं आणि मागे पळालेलं दिसू लागतं.

मेणवलीला मी नंतर पुष्कळदा गेले. चिमाजीअप्पांच्या वसईच्या मोहिमेनंतर इकडे आलेली ती मोठी घंटा तिथे घाटावर टांगलेली आहे. शेवटच्या खेपेला मी तिच्या इतकी जवळ गेले की भिंगावर तिच्या धातूचा गारवा जाणवावा. घंटेची कड चौकटीच्या डाव्या बाजूने आत आली, घाटाच्या पायऱ्या उजवीकडून उतरत कृष्णेकडे गेल्या, आणि मधल्या मोकळ्या जागेत, अंगठ्याएवढी, एक बाई धुणं आपटत होती. तिच्यामुळे घंटा मोठी झाली आणि घंटेमुळे ती. चारही कोपरे झाडले होते, असं मला वाटलं होतं. मोठा प्रिंट करून पाहिलं तेव्हा अगदी खाली, उजव्या कोपऱ्यात, ताणून लांबट झालेलं काहीतरी तपकिरी दिसलं. माझ्याच चपलेचा अंगठा. तो मी कापून टाकलेला नाही.